मुंबईच्या विस्मृत तबकड्या

मराठी रसिकाच्या घरी नाट्यगीतास व भावगीतास जो मान मिळाला, तो मुंबईतच जन्मलेल्या इंग्रजी रॉक संगीतास कधी मिळाला नाही. 'परक्याची नक्कल' एवढ्या दोन शब्दांत त्याची वासलात लागते. हा आक्षेप अगदीच निराधार आहे असे आम्ही म्हणणार नाही. परंतु अनुकरण म्हणजे अपराधच मानावयाचा, तर शेक्सपिअरवरून उतरलेले आगरकरांचे 'विकारविलसित', देवलांचे 'झुंझारराव', इतकेच काय, केशवसुतांचे सुनीतही दाराबाहेर ठेवावे लागेल. उसने कोठून आणले हा प्रश्न गौण; त्याचे पुढे काय केले, हा खरा प्रश्न होय.

ह्या कसोटीवर प्रथम 'अ‍ॅटॉमिक फॉरेस्ट' ह्या वाद्यवृंदाची १९८१ सालची 'ऑब्सेशन '७७' ही तबकडी घेऊ. तीत परदेशी गीतांच्या आवृत्त्या आहेत, आणि तेवढ्यापुरता आक्षेप खरा ठरतो. पण वाजविण्यातील बेफिकीर उत्साह उसना नव्हे. २०११ साली एका अमेरिकन प्रकाशकाने ती पुनः काढली. घरच्या वस्तूचे मोल परक्याने सांगावे, हे आमच्या टीकाकारांस भूषणावह नाही.

'रॉक मशीन'ची 'रॉक अँड रोल रेनेगेड' (१९८८) ह्याच्या एक पाऊल पुढे जाते. परक्यांची गाणी हुबेहूब वाजविण्यातच कौतुक होते, त्या काळी महेश तिनईकर, उदय बेनेगल प्रभृतींनी स्वतःची गीते मुद्रित केली. त्यांचा आवेश मात्र अजून पाश्चात्त्य साच्यातलाच आहे. पुढे १९९३ साली ह्याच मंडळींनी 'इंडस क्रीड' हे नाव धारण केले. त्या नावाची १९९५ सालची ध्वनिमुद्रिका आमची विशेष आवडती. तीत आरडाओरड ओसरते, शब्दांस जागा मिळते, आणि गाणारा कोणासारखा तरी दिसण्याची धडपड सोडून देतो.

सर्वांत उपेक्षित म्हणून आम्ही 'पेंटाग्रॅम'च्या 'अप' (२००२) कडे बोट दाखवू. तिचे गायक विशाल दादलानी हिंदी चित्रपटसंगीतामुळे घरोघरी ठाऊक आहेत. ही कृती मात्र फार थोड्यांस ठाऊक. यंत्राचा ठेका आणि गिटार यांचा तीतील संसार कधी कधी विस्कटतो, हे खरे. तथापि महानगराची अस्वस्थता तीत जशी ऐकू येते, तशी पुष्कळ नागर कवितेतही येत नाही.

उपेक्षेचे कारण केवळ अभिरुची नव्हे. १९८६ साली सुरू झालेला 'इंडिपेंडन्स रॉक' महोत्सव रंगभवनात वर्षानुवर्षे गाजला, पण मराठी नियतकालिकांत त्याची दखल क्वचितच उमटली. कर्जत-खोपोलीच्या श्रोत्याने अशा कॅसेटसाठी शंभर किलोमीटरांवरील काळा घोड्याचे 'ऱ्हिदम हाऊस' गाठावे. तेही २०१६ साली बंद झाले.

आता उरल्या आहेत त्या कपाटांतील कॅसेटी. कर्जत-खालापूरच्या दमट हवेत त्यांच्या फितीस बुरशी धरावयास फार पावसाळे लागत नाहीत. ज्यांच्या घरी त्या असतील, त्यांनी त्या वेळीच पुसून, ऐकून, त्यांची प्रत करून ठेवावी. मग खुशाल नापसंत कराव्यात. न ऐकता दिलेला निकाल मात्र टीका ह्या नावास पात्र होत नाही.