तीन बाप, एक आई

फ्रँक मकोर्टचं ‘अँजेलाज अ‍ॅशेस’ हे आत्मकथन १९९६ साली आलं, तेव्हा लेखक ६६ वर्षांचा होता. न्यूयॉर्कच्या शाळांमध्ये वर्षानुवर्षं शिकवून निवृत्त झालेला. पुढच्या वर्षी पुलित्झर मिळालं, मग सिनेमाही निघाला. या पुस्तकाबद्दल लोक बोलतात ते बहुतेक गरिबीबद्दल. ती आहेच. ब्रुकलिनमध्ये जन्मलेला फ्रँक चार वर्षांचा असताना कुटुंब आयर्लंडला परततं आणि शेवटी आईच्या गावी, लिमरिकला येऊन पडतं. सात भावंडांपैकी तीन लहानपणीच जातात. अख्ख्या गल्लीला एक संडास, तोही यांच्या दाराला लागून. पावसाळी दिवसांत खाली पाणी भरलं की सगळे वरच्या खोलीत राहतात आणि त्या कोरड्या खोलीला ‘इटली’ म्हणतात.

मला मात्र हे पुस्तक बापावरच्या प्रेमाचं वाटतं, आणि ते प्रेम फार अडचणीचं आहे.

हातात पैसे आले की बाप पितो. रात्री येऊन पोरांना झोपेतून उठवतो, आयर्लंडसाठी मरू म्हणून वचन घेतो. हाच माणूस सकाळी शेकोटी पेटवतो, चहा करतो, पेपरातलं सांगतो, कुहुलिन या आयरिश वीराच्या गोष्टी सांगतो. फ्रँकला तो ख्रिस्ती त्रैक्यासारखा वाटतो, एकात तीन: सकाळचा पेपरवाला, रात्रीचा गोष्टी-प्रार्थनावाला आणि पिऊन येणारा. (दारूड्या बापाच्या गोष्टीत बाप एकतर राक्षस होतो, नाहीतर शेवटी सुधारतो. इथे दोन्ही नाही.)

आजोबा नव्या बाळासाठी पाच पौंड पाठवतात. ते घेऊन बाप गायब. आई फ्रँकला त्याला शोधायला पाठवते. पबमध्ये बाप दिसतो. आत घुसून लाथ घालावी असं पोराला वाटतं, पण सकाळची शेकोटी आडवी येते. शिवाय बापाच्या डोळ्यांत त्याला ओळखीचं काही दिसतं: जुळ्यांपैकी एक गेल्यावर दुसरा त्याला शोधायचा, ती नजर. सापडलाच नाही, असं आईला सांगायचं तो ठरवतो. हे सगळं एका लांबलचक, धापा टाकणाऱ्या वाक्यात येतं. जवळपास सगळं निवेदन वर्तमानकाळात, संवादांना अवतरणचिन्हं नाहीत. ६६ वर्षांचा लेखक मध्ये येऊन काहीही समजावत नाही. बाळाचं दूध कुठे गेलं, हा हिशोब आपला आपण करायचा.

माझी तक्रार इथूनच सुरू होते. खोटं बोलायचं ठरतं ते आईशी. पुस्तकाला नाव तिचं, पण गोष्टी सगळ्या बापाच्या वाट्याला. तिच्याकडे उधारी आणि धर्मादाय संस्थेच्या रांगा. युद्धकाळात बाप इंग्लंडमधल्या कॉव्हेंट्रीला कामाला जातो, पैसे जवळपास येतच नाहीत. मग ती पाद्र्यांच्या दारात उरलंसुरलं अन्न मागताना दिसते, आणि लाज वाटते ती तिची. डोक्यावर छप्पर हवं म्हणून ती एका नातेवाइकाच्या घरी राहते, त्याच्याशी संबंध ठेवते. सोळाव्या वाढदिवसाच्या सुमारास फ्रँक पिऊन येतो आणि त्यावरूनच तिच्या थोबाडीत मारतो. बापासाठी आवरलेली लाथ अशी भलत्या ठिकाणी पोहोचते.

मकोर्ट हे लपवत नाही. मारल्याचं पाप तो चर्चमध्ये जाऊन कबूल करतो, १९ व्या वर्षी अमेरिकेची बोट पकडतो. विझत्या शेकोटीपाशी बसलेल्या अँजेलाच्या मनात काय चाललं होतं, तिकडे पुस्तक फिरकत नाही. शीर्षकातली तिची राखसुद्धा लिमरिकला पोहोचते ती पुढच्या पुस्तकात, १९९९ च्या ‘टिस’मध्ये.