धरणाखालची नदी आणि गळाचं गद्य

पंचवीसेक वर्षांपूर्वी एका स्थानिक दैनिकाच्या रविवार पुरवणीत मी भीमेवर लेख लिहिला होता. चंद्रभागेचं वाळवंट, पुंडलिकाचं देऊळ, वारी, उजनी धरण, उठलेली गावं, उसाला गेलेलं पाणी, असं सगळं त्यात होतं. छापून आल्यावर कात्रण खिशात घालून मी उजनीच्या फुगवट्यावरच्या एका गावात गेलो. माझ्या आजोळची जमीन तिथल्याच पाण्याखाली गेली आहे. गावातल्या एका वृद्ध भोयांना सगळे तात्या म्हणत. त्यांना मी लेख वाचून दाखवला. त्यांनी शेवटपर्यंत ऐकला, जाळ्याची गाठ दातांनी ओढली आणि म्हणाले, "समदं हाय दादा. पर ह्यात मासा कुठं हाय?"

मला हसू आलं. परतीच्या एसटीत मात्र मी लेख पुन्हा वाचला. नदीवरच्या दीड हजार शब्दांत खरोखरच एकही मासा नव्हता. प्रस्तुत टिपण त्या प्रश्नातून निघालं आहे.

माझं शिक्षण बेताचं. सुताच्या पेढीवर हिशेब लिहीत उमर गेली, इंग्रजी शब्दकोश उशाशी ठेवून शिकलो. रद्दीच्या दुकानात एकदा मासेमारीच्या जुन्या अमेरिकन मासिकांचा गठ्ठा मिळाला आणि एका अनोळखी वाङ्मयप्रकाराशी ओळख झाली: धरणाखालच्या नद्यांमध्ये भर हिवाळ्यात ट्राउट मासा कसा धरावा, याबद्दलचं लेखन. सोलापूरकराला याहून निरुपयोगी काही असू शकत नाही. पाणी वीस-बावीस अंशांच्या वर गेलं की ट्राउट धापा टाकू लागतो. भीमेत तो एक उन्हाळा काढणार नाही. तरीही मी ते लेख वर्षानुवर्षं वाचत आलो. त्यांत काय सापडलं आणि काय खटकलं, हे दोन्ही सांगायचं आहे, कारण दोन्हींचा संबंध आपल्या नदीशी आहे.

आधी ही मासेमारी कशी चालते ते पाहू. गळाला गांडूळ किंवा कणकेची गोळी नसते. पिसं, दोरा आणि लोकर बांधून केलेली कृत्रिम माशी असते. मक्षिकेवरून माशी आणि मत्स्यावरून मासा. मराठीत हे दोन शब्द शेजारी येऊन बसले आहेत, आणि हा खेळ त्या शेजारावरच चालतो. प्रथमग्रासे मक्षिकापात आपल्याला अशुभ, ट्राउटचं मात्र जेवणच त्यापासून सुरू होतं. थंडीत डोंगरातल्या नद्या गोठतात आणि गळ टाकणारे घरी बसतात. मोठ्या धरणाच्या खाली चित्र वेगळं असतं. जलाशयाचं पाणी तळाशी बारमाही थंड असतं, पण गोठलेलं नसतं. वीजनिर्मितीसाठी तेच खोलातलं पाणी बाहेर पडतं, म्हणून धरणाखालचे काही मैल हिवाळ्यातही वाहते राहतात. चिलटांसारखे बारीक किडे तिथे बर्फ पडत असतानाही पाण्यातून वर येतात, आणि ट्राउट त्यांना खायला पृष्ठभागाशी येतो. गळवाल्याला तांदळाच्या दाण्याहून लहान माशी बांधावी लागते. विजेची मागणी वाढली की पाणी चढतं, घटली की उतरतं. त्यामुळे घरून निघण्यापूर्वी तो विसर्गाचं वेळापत्रक पाहतो.

या लेखनाचा पहिला गुण म्हणजे ते नदीकडे बघतं. इंग्रजीतली गळाच्या साहित्याची थोर परंपरा आयझॅक वॉल्टनच्या १६५३ च्या ग्रंथापासून नॉर्मन मॅक्लीनच्या १९७६ च्या 'अ रिव्हर रन्स थ्रू इट'पर्यंत येते. त्या परंपरेत नदी ही बहुधा कृपा असते. माणूस तिच्याकाठी मन शांत करायला जातो. हिवाळी मासेमारीचे हे साधे, माहितीपर लेख साहित्य म्हणून कुणी गणत नाही. माझं मत असं की एका बाबतीत ते अधिक प्रामाणिक आहेत. वाहतं पाणी कुणाच्या तरी निर्णयाने वाहतं आहे, हे ते पहिल्याच परिच्छेदात सांगून टाकतात. विसर्ग किती, पाण्याचं तापमान किती, कोणता किडा कोणत्या वेळी वर आला, दगडाच्या कोणत्या बाजूला मासा उभा होता, सगळं नोंदवलेलं. विशेषणं कमी आणि नावं जास्त.

दोष पुढे येतो. एवढं सगळं नोंदवल्यावर हेच लेखक त्या पाण्याला 'रानटी' म्हणतात आणि त्या माशाला नदीचा राजा ठरवतात. ग्लेन कॅन्यन धरण १९६३ मध्ये अडलं. त्याआधी तिथली कोलोरॅडो नदी गढूळ होती, हिवाळ्यात गोठायच्या बेतात आणि उन्हाळ्यात पंचवीस अंशांच्या वर जायची. धरणानंतर ती स्वच्छ झाली आणि अनेक दशकं बारमाही साधारण आठ-दहा अंशांवर राहिली. त्या थंड पाण्यात बाहेरून आणलेला ट्राउट सोडला गेला. पाठीवर कुबड असलेला तिथला मूळचा चब मासा मात्र एका उबदार उपनदीच्या आसऱ्याने कसाबसा तगला. ग्रीन नदीवर तर घाईच झाली. फ्लेमिंग गॉर्ज धरण भरण्यापूर्वी, सप्टेंबर १९६२ मध्ये, नदीच्या शेकडो मैलांत रोटेनोन हे विष सोडून स्थानिक मासे मारण्यात आले, कारण ट्राउटसाठी जागा करायची होती. आज त्याच धरणाखालचा पट्टा ट्राउटसाठी जगप्रसिद्ध आहे. तिथल्या हिवाळी सकाळीची मी वाचलेली वर्णनं फार देखणी आहेत, पण १९६२ त्यांतल्या एकातही नव्हतं. नदीला आजच्या सकाळपासून वाचायला घेतलं की ती निष्पाप दिसते, आणि गळाच्या गद्याची खोट तिथेच आहे.

परदेशी उदाहरणावर बोट ठेवणं सोपं असतं. आपल्याच भीमेच्या खोऱ्यातून निघालेली अशीच एक गोष्ट आहे.

कर्नल विल्यम साइक्स १८२० च्या दशकात मुंबई सरकारसाठी दख्खनची सांख्यिकी माहिती गोळा करत हिंडला. त्याने इथल्या माशांवर जो निबंध लिहिला, त्यात अनेक मासे शास्त्राला पहिल्यांदा कळले. नावं देताना त्याने स्थानिक लोकांचे शब्द जसेच्या तसे लॅटिनला जोडले. पुण्याजवळच्या मुळा-मुठेत मिळालेला महसीर 'खुद्री' झाला, घोडनदीतला 'मसुल्ला'. शिवाय कोलुस, पोटैल, अलकुटी, रोहटी. १८३९ पासून जगातला कोणताही मत्स्यशास्त्रज्ञ दख्खनी महसीराला 'खुद्री' म्हणतो, म्हणजे कुणा अनाम मराठी मासेमाराने उच्चारलेला शब्द म्हणतो. मुळा-मुठा आणि घोड दोन्ही भीमेला मिळतात. हे आपल्याच नदीचे शब्द आहेत.

याच खुद्रीची अंडी कृत्रिमरीत्या फलित करून पिल्लं वाढवण्याचं काम १९७० च्या सुमारास डॉ. सी. व्ही. कुलकर्णी यांनी लोणावळ्याला टाटांच्या वीजधरणांवर यशस्वी केलं. तीही धरणं भीमेच्या खोऱ्याच्या माथ्यावरचीच. त्यांचं पाणी घाटाखाली उतरून वीज करतं. धरणांनी महसीराच्या वाटा अडवल्या आणि धरणाच्याच काठी त्याचा वंश राखला गेला, म्हणून या कामाचं मोल मोठं आहे. मात्र तिथली पिल्लं पुढे दूरवरच्या पाण्यांत सोडली गेली, कावेरीतही. तिथे आधीपासून दुसरा महसीर होता, पाठीवर कुबड असलेला आणि वजनाने प्रचंड. खुद्री वाढत गेला, कुबडवाला घटत गेला. कोलोरॅडोत ट्राउट जे होता, ते कावेरीत आपला पुण्याचा मासा झाला.

हे कळलं कसं? कावेरीकाठच्या मासेमारी छावणीत गळ टाकणारे हौशी लोक कोणता मासा, किती वजनाचा, हे वर्षानुवर्षं वहीत लिहून ठेवत होते. २०१५ मध्ये अभ्यासकांनी त्याच नोंदींवरून ही घसरण दाखवून दिली. २०१८ मध्ये त्या माशाची शास्त्रीय ओळख पक्की झाली आणि तो अतिसंकटग्रस्त ठरला. ज्या गद्याला मी वर दोष दिला, त्यातल्या नोंद ठेवण्याच्या सवयीने हे काम केलं होतं.

ग्लेन कॅन्यनलाही तसंच घडलं. नदीतून नावा नेणारे लोक रोज रात्री दिवा लावून किडे पकडत आणि संशोधकांकडे देत. त्यावरून ध्यानात आलं की किडे काठाच्या पाण्यात अंडी घालतात, आणि विजेसाठी पाणी उतरलं की ती उघडी पडून वाळतात. मग २०१८ च्या उन्हाळ्यात शनिवार-रविवारचा विसर्ग कमी आणि स्थिर ठेवण्याचा प्रयोग झाला. एवढ्या मोठ्या धरणाने किड्यांसाठी आपलं वेळापत्रक बदललं, कारण कुणीतरी ते किडे मोजले होते.

आता आपल्याकडे येऊ. उजनीत साधारण ११७ टीएमसी पाणी मावतं, आणि त्यातलं ६३ टीएमसीहून अधिक 'मृतसाठा' या सदरात जातं. वापरायचं पाणी कमी आणि मृत जास्त, असं हे धरण. २०२४ च्या उन्हाळ्यात साठा उणे ५० टक्क्यांच्याही खाली गेला. 'उणे', 'आवर्तन', 'विसर्ग' हे शब्द आज जिल्ह्यातल्या शाळकरी पोरालाही ठाऊक आहेत. ते सगळे हिशेबाचे शब्द आहेत, आणि हिशेबनीस म्हणून मला त्यांचा राग नाही. पण धरणाखाली नदी वाहते ती पावसाळा सरल्यावर बहुतांशी आवर्तनापुरतीच. सोलापूर शहराला पाणी हवं असलं की नदीत सोडतात, ते औजच्या बंधाऱ्यात पोचायला आठवडा उलटतो. वारीसाठी सोडतात, शेतीसाठी सोडतात. दोन आवर्तनांच्या मध्ये नदी डोहाडोहांत तुटते आणि मासे त्या डोहांत अडकून पडतात. पाण्याच्या मागणीच्या बातम्या मी तीस वर्षं कापून ठेवतो आहे. माशासाठी पाणी मागितल्याची एकही बातमी माझ्या फायलीत नाही.

साहित्याचा प्रश्न इथे उभा राहतो. नदीकडे पाहण्याच्या दोन समर्थ रीती मराठीत आहेत. एक भक्तीची, तिने चंद्रभागेला माय केलं. दुसरी विस्थापनाची, विश्वास पाटलांच्या 'झाडाझडती'सारख्या कादंबरीने धरणाने उठवलेल्या माणसाला आवाज दिला. दोन्हींशिवाय मराठी गरीब झाली असती. पण पहिलीची नजर काठावरच्या देवाकडे आणि दुसरीची काठावरच्या माणसाकडे आहे. पाण्याच्या आत पाहणारं गद्य आपल्याकडे फार थोडं. सुरमई, पापलेट, बोंबील मराठी घराला माहीत आहेत. गोड्या पाण्यातले मासे बाजारात 'नदीचे' या एका शब्दात संपतात. अपवाद आठवतो तो याच शहरात १९३२ मध्ये जन्मलेल्या मारुती चितमपल्लींचा. रानातल्या माणसांच्या तोंडचे शब्द त्यांनी वेचून मराठीत आणले. २०२५ च्या जूनमध्ये ते सोलापुरातच गेले, तेव्हा मला वाटलं की त्यांनी रानासाठी जे केलं, ते भीमेसाठी करायचं राहूनच गेलं.

ज्याला नाव नाही त्याच्या वतीने मागणी करता येत नाही. आज फुगवट्यावर कुणालाही विचारा, पहिलं नाव येईल चिलापी. हा मूळचा आफ्रिकेचा मासा १९५२ मध्ये भारतात आला. भिगवणच्या खाणावळीत त्याचं तळण चविष्ट लागतं, आणि कित्येक भोई घरांची चूल त्यावर पेटते. त्याला नावं ठेवण्याचा मला अधिकार नाही. पण त्याला 'उजनीचा मासा' म्हणणं ही ट्राउटवाल्यांचीच चूक आहे. आजची सकाळ खरी असली तरी कालची पुसून टाकून ती लिहू नये.

तात्यांच्या प्रश्नानंतर मी पुन्हा त्यांच्याकडे गेलो होतो. धरणाआधीच्या माशांची नावं विचारली. वाम, मरळ, शिंगटा मला ठाऊक होते. त्यापलीकडे त्यांनी अकरा नावं सांगितली. प्रत्येक मासा कुठल्या डोहात, कुठल्या महिन्यात, अंगावर कोणती खूण, हेही. त्यातल्या एका नावाचा उच्चार साइक्सच्या 'कोलुस'च्या फार जवळ जाणारा होता, पण तेव्हा मी साइक्स वाचलेला नव्हता. नावं लिहून घेतली, खुणा घेतल्या नाहीत. पुन्हा येईन तेव्हा निवांत लिहू, असं म्हटलं. त्यानंतर दोन वर्षांत तात्या गेले. आज माझ्याकडे अकरा नावं आहेत, आणि त्यातली सात कोणत्या माशाची हे सांगू शकेल असा माणूस मला अजून भेटलेला नाही.

म्हणून एक विनंती. ही कार्तिकी होईल, पाणी सोडतील, मग नदी पुन्हा डोहांत तुटेल. तुमच्या गावाखालच्या डोहावर कुणी म्हातारा गळ टाकून बसला असेल तर वही घेऊन त्याच्याजवळ जा. माशाचं नाव लिहा, आणि नावाबरोबर खूणही. माझ्यासारखं नंतरवर ठेवू नका.