पोचवलेली माणसे

गेल्या पावसाळ्यात आमच्या वर्गातील एका मुलाने मधल्या सुट्टीत फळ्यावर खडूने एक चित्र काढून ठेवले. वटारलेले डोळे, वासलेले तोंड आणि हनुवटीपाशी बोलक्या बाहुल्यांना असतात तशा दोन उभ्या रेघा. खाली नाव लिहिलेले नव्हते. पण वर्गातल्या एकूण एक मुलाने त्याला ओळखले. तात्या विंचू! 'झपाटलेला' हा चित्रपट १९९३ सालचा. म्हणजे यातल्या एकाही मुलाचा तेव्हा जन्म झालेला नव्हता. मी विचारले, "आणि या बाहुल्याला घाबरणारा माणूस कोण?" थोडा वेळ वर्ग गप्प राहिला. मग मागच्या बाकावरून उत्तर आले, "लक्ष्या, सर!" त्याचे पूर्ण नाव मात्र कोणालाही सांगता आले नाही.

घरी जाताना माझ्या मनात ही गोष्ट घोळत राहिली. कारण 'झपाटलेला'चा तिसरा भाग काढण्याचा मनोदय महेश कोठारे यांनी जाहीर केला आहे, आणि लक्ष्मीकांत बेर्डे यांना कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साहाय्याने पुन्हा पडद्यावर आणण्याचा विचारही बोलून दाखवला आहे. लक्ष्मीकांत अवघ्या पन्नाशीत, १६ डिसेंबर २००४ रोजी गेला. न पाहिलेल्या चित्रपटावर मत देणे हा समीक्षेतला अधर्म आहे आणि तो मी करणार नाही. परंतु योजनेमागे एक कल्पना असते आणि कल्पनेविषयी बोलता येते.

मूळ चित्रपट मी सोलापुरात पाहिला तेव्हा मी अकरा-बारा वर्षांचा होतो. वडील यंत्रमागावर कामाला होते. कारखान्याच्या सुट्टीच्या दिवशी त्यांनी आम्हां भावंडांना नेले. आमच्या शेजारी एक तेलुगू भाषक कुटुंब बसले होते. त्यांतल्या आजीबाईंना मराठी फारसे समजत नसावे, कारण नातू मधूनमधून त्यांच्या कानाशी लागत होता. पण पडद्यावर लक्ष्मीकांतची नजर त्या बाहुल्याकडे वळली, घशातला आवंढा घशातच राहिला, आणि नातवाने तोंड उघडण्यापूर्वीच आजीबाई पदर तोंडाला लावून हसत सुटल्या. सोलापूरच्या थिएटरात तीन भाषांचे लोक एकाच क्षणी हसतात, तेव्हा नटाने काय साधले हे सांगायला शास्त्राची गरज पडत नाही.

त्या चित्रपटाचे मर्म कशात होते? बाहुला रामदास पाध्ये यांनी घडवला, आवाज दिलीप प्रभावळकरांचा. दोन्ही कामे अव्वल दर्जाची. मरू घातलेल्या गुंडाचा आत्मा बाहुल्यात शिरतो ही कल्पना परदेशी 'चाइल्ड्स प्ले'वरून आलेली. तिची उसनवारी कोणापासून लपलेली नाही. मात्र बाहुला भयंकर ठरला तो लक्ष्मीकांतच्या चेहऱ्यावर. भय त्याचे होते आणि हसू आमचे होते. लक्ष्मीकांत हा रंगभूमीवर तयार झालेला नट होता. 'टुरटुर'सारख्या नाटकातून आलेल्या माणसाला प्रेक्षकाचा हशा कुठे उठतो, किती टिकतो आणि पुढचे वाक्य कधी सोडायचे हे अंगवळणी पडलेले असते. कॅमेऱ्यासमोर प्रेक्षक नसतो, तरी तो कानांत घेऊनच असा नट उभा राहतो.

२०१३ साली 'झपाटलेला २' आला. तोच दिग्दर्शक, तोच बाहुला, तोच आवाज. वर थ्री-डीचा चष्मा. मी भाच्याला घेऊन गेलो. बाहुला पडद्यातून बाहेर झेपावला तेव्हा भाच्याने मान खाली घातली, आणि लगेच हसून वर काढली. बाहुला अंगावर आला, पण भीती काही आली नाही. मेहनतीत कसूर नव्हती, परंतु घाबरणारा माणूस गेलेला होता. तेव्हा आता त्यालाच परत आणावे असे निर्मात्यांना वाटते, यात त्यांचे निदान अचूक आहे. माझी शंका आहे ती औषधाविषयी.

माझा आक्षेप जुने पुन्हा करण्याला नाही. आमची रंगभूमी तर पुनःप्रयोगावरच जगली. खाडिलकरांचे 'मानापमान' १९११ साली रंगमंचावर आले तेव्हा भामिनी होते बालगंधर्व. २०२५ साली त्यावर चित्रपट आला तेव्हा भामिनी झाली वैदेही परशुरामी. बालगंधर्वांचा चेहरा तिच्या चेहऱ्यावर चिकटवावा असे कोणाच्या स्वप्नातही आले नाही. 'प्रभात'च्या १९३६ च्या 'संत तुकाराम'मध्ये विष्णुपंत पागनीस यांनी असा तुकाराम उभा केला की पुढे कोणी त्या वाटेला जाऊ नये. तरीही २०१२ साली चंद्रकांत कुलकर्णी आणि जितेंद्र जोशी गेले. आणि दुष्काळात होरपळलेला संसारी तुकाराम दाखवून त्यांनी आपले जाणे सार्थ केले. 'नवरा माझा नवसाचा'चा दुसरा भाग २०२४ साली, वीस वर्षांनी आला. पहिल्यात एसटीचे कंडक्टर असलेले अशोक सराफ दुसऱ्यात रेल्वेचे टी.सी. झाले. चित्रपटाच्या गुणदोषांची चर्चा वेगळी. पण तिथे माणूस आपले वय घेऊन, आपल्या पायांनी आला होता.

भूमिका पुन्हा उभी करता येते. तिला नवा देह मिळतो, आणि जुन्याशी तुलना होण्याचा धोका तो नवा नट पत्करतो. या धोक्यातच कलेचा प्राण असतो. गेलेल्या नटाचा चेहरा यंत्रातून काढणे ही निराळी गोष्ट आहे. परदेशात हे होऊन गेले आहे. १९९४ साली वारलेला पीटर कुशिंग २०१६ च्या 'रोग वन' या 'स्टार वॉर्स' मालिकेतील चित्रपटात संगणकाने पुन्हा वावरला. चेहरा हुबेहूब साधेल, आवाजही साधेल. वारसांची संमतीही मिळेल. पण अभिनय म्हणजे त्या क्षणी नटाने केलेली निवड. हा आवंढा इथे गिळायचा की पुढच्या शब्दावर, हे लक्ष्मीकांत ठरवीत होता. आता ते दुसरे कोणी ठरवील आणि नाव मात्र लक्ष्मीकांतचे लागेल. काम फसले तर 'हे मी असे केले नसते' असे म्हणण्याची सोय त्याला उरलेली नाही.

हे मी सोवळेपणाने सांगत नाही. हा गुन्हा मी स्वतः केला आहे. माझी एक कादंबरी थोडी चालली. तिच्यातला म्हातारा विणकर शेवटी मरतो. प्रकाशक म्हणाले, दुसरा भाग द्या, आणि त्यात म्हातारा हवाच. मी त्याला स्वप्नात आणला, जुन्या पत्रांतून बोलता केला. पुस्तक खपले. एके दिवशी आमच्या पेठेतले एक जुने माग कामगार रस्त्यात भेटले. म्हणाले, "गुरुजी, म्हाताऱ्याला परत कशाला उठवलाव? आम्ही त्याला पोचवून आलतो की!" मी काहीतरी उत्तर दिले. कोणते ते आठवत नाही. त्यांचे वाक्य आठवते. वाचकाने शोक केला होता, आणि तो शोक मी खोटा ठरवला होता.

गंमत अशी की 'झपाटलेला'ची कथा याच गोष्टीची आहे. मेलेल्याला जायचे नसते. तो मंत्राच्या जोरावर परक्या देहात शिरतो, आणि पुढे लक्ष्याचाच देह बळकावू पाहतो. सबंध चित्रपटभर आपण मनात म्हणत असतो की हे होता कामा नये. ज्या प्रसंगाला आपण तीस वर्षांपूर्वी भ्यालो, तोच आता निर्मितीची योजना म्हणून आपल्यासमोर यावा, हे निर्मात्यांच्या ध्यानात आले नसेल काय?

निर्मात्यांकडे माझे मागणे अगदी साधे आहे. तात्या विंचूला हवे तितके जन्म द्या. बाहुल्याला वय नसते. त्याच्यासमोर घाबरायला एखादा जिवंत, नवा नट उभा करा. आपटेल तर आपटेल, पण स्वतःच्या नावावर आपटेल. आणि १९९३ ची मूळ प्रत नीट स्वच्छ करून आमच्या सोलापुरात एक आठवडा मोठ्या पडद्यावर लावा. माझा सगळा वर्ग मी तिकिटे काढून घेऊन येईन. पडद्यावर श्रेयनामावली सुरू झाली की मागच्या बाकावरच्या त्या मुलाला ते पूर्ण नाव मोठ्याने वाचायला सांगेन.