रांदेर : गॅझेटियरची नोंद आणि गळलेले दोन शब्द

सुरत म्हटलं की आपल्याला १६६४ आणि १६७० ही दोनच सालं आठवतात. तापीच्या उजव्या तीरावरचं रांदेर त्यात कुठेच नसतं. आज ते सुरत महानगरपालिकेचा भाग आहे, पण सुरतेच्या आधी बंदर म्हणून नाव होतं ते रांदेरचं. त्यावर कुणी लिहायला बसलं की पहिला हात जातो तो मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरच्या दुसऱ्या खंडाकडे (सुरत आणि भडोच, १८७७). कॅम्पबेलसाहेबांचं काम मोठंच. पण रांदेरची नोंद जरा सावकाश वाचायला हवी.

तेराव्या शतकाच्या सुरुवातीला अरब व्यापारी-खलाशांनी इथल्या जैनांना हुसकावलं आणि देवळांच्या मशिदी केल्या, असं तिथे येतं. मात्र ‘असे म्हणतात’ या पुस्तीसह. पुढच्या लेखांत हे दोन शब्द गळतात आणि ऐकीव गोष्ट घटना होऊन बसते. अल्बिरुनीने सांगितलेलं ठिकाण रांदेरच, हेही तिथे ‘बहुधा’च आहे, तेही असंच गायब. ड्रॉइंग ट्रेस करताना ठिपक्यांची रेघ आम्ही ठिपक्यांचीच काढायचो, अखंड नाही! आजच्या दिवसांत तर हा फरक फार महागात पडतो.

नोंदीचं खरं बळ आहे ते बार्बोझाच्या साक्षीत. सोळाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकातला हा पोर्तुगीज रांदेरच्या मोठ्या जहाजांबद्दल लिहितो. मलाक्का, बंगाल, तेनासरीम, पेगू, सुमात्रा इथवर व्यापार. माल म्हणजे मसाले, रेशीम, कस्तुरी, लोबान, चिनी मातीची भांडी. मग १५३० साली पोर्तुगीजांनी सुरतेपाठोपाठ रांदेरही लुटलं, सुरत वाढली, रांदेर उतरलं.

इथे मी अडखळतो. कारण हीच नोंद पुढे सांगते, की रांदेरचे सुन्नी व्होरा पश्चिमेला मॉरिशसशी आणि पूर्वेला रंगून, मौलमेन, सयाम, सिंगापूरशी व्यापार करतात. म्हणजे साडेतीनशे वर्षांनंतरही गावाचं तोंड पूर्वेकडेच! माणसं तीच होती असा माझा दावा नाही. पण ओहोटी लागली ती धक्क्याला, पेढ्यांना नाही, हे नोंद स्वतःच सांगते आणि तरी ऱ्हासाचा सूर सोडत नाही.

१८७७ नंतरचं कॅम्पबेलना कळणं शक्य नव्हतं. आपल्याला मात्र कळायला हवं. रंगूनमधला सुरती बडा बाजार, १९४२ चं जपानी आक्रमण आणि तिथून झालेली पळापळ, साठच्या दशकातलं ब्रह्मदेशातलं राष्ट्रीयीकरण, हे सगळं रांदेरच्या इतिहासातच येतं. रमजानमध्ये तिथे खावसा मिळतो, तो ब्रह्मदेशातूनच आलेला. १५३० ला थांबणाऱ्या लेखात त्याला जागाच नाही.

ब्रह्मी सागवानाची जुनी घरं तर पाडली जाताहेत. आधी त्यांची मोजमापं घ्या, फोटो काढा, वह्या-पत्रं असतील तर घरच्यांना विचारा. गॅझेटियर ग्रंथालयात आहेच, ते कुठे पळून जात नाही.