न पुसणारी वही आणि पुसली गेलेली नावे

संगीताच्या धंद्यात कलावंत लुबाडला जातो ही गोष्ट आता लुबाडणारेही मान्य करू लागले आहेत. मान्य करून ते थांबत नाहीत, त्यावरचा उपायही तेच सुचवतात. गेल्या दहा वर्षांत असा एक उपाय फार मोठ्या आवाजात सांगितला जात आहे. त्याचे नाव ब्लॉकचेन. शब्द कोणाचे, चाल कोणाची, आवाज कोणाचा, याची नोंद अशा वहीत करायची की जी कोणा एका मालकाच्या कपाटात नाही. तिच्या प्रती हजारो संगणकांवर असतात. प्रत्येक पानावर आधीच्या पानाचा ठसा असतो, त्यामुळे मागचे एक अक्षर कोणी बदलले तरी पुढची सगळी पाने बिनसतात आणि चोरी उघडी पडते. या वहीला जोडून करारही यंत्राच्याच भाषेत लिहायचा. गाणे वाजले की ठरलेला वाटा ज्याच्या त्याच्या खात्यात आपोआप पडेल. मध्ये कंपनी नको, कारकून नको, दलाल नको.

आमच्या काही तरुण मित्रांना ही कल्पना फार भावली आहे. भीमगीते, शाहिरी, वस्तीतल्या पोरांचे रॅप हे सगळे या वहीत चढवावे, म्हणजे आमच्या कलावंतांची पिळवणूक संपेल, असे ते म्हणतात. त्यांच्या तळमळीबद्दल मला शंका नाही. परंतु दुसऱ्याच्या वहीत आपले नाव कसे लिहिले जाते हे ज्या समाजाने पिढ्यान्‌पिढ्या भोगले, त्या समाजातल्या माणसाने नवी वही पुढे आली की आधी विचारले पाहिजे, पहिली नोंद कोण करणार?

ब्लॉकचेन हमी देते ती एकाच गोष्टीची. एकदा लिहिलेले पुढे कोणी बदललेले नाही, एवढीच. जे लिहिले ते खरे होते काय, याविषयी ती मुकी आहे. सावकाराच्या वहीत तरी खाडाखोड कुठे असे? कुळाच्या अंगठ्यावर जे लिहिले जाई ते पहिल्याच ओळीला खोटे असे, मग खाडाखोडीची गरजच काय? जोतीराव फुल्यांनी १८८३ साली ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहिताना कुळकर्ण्याच्या लेखणीवर जो आसूड ओढला, तो लिहिणाऱ्या हातावर होता. कागद चांगला की वाईट हा त्यांचा प्रश्न नव्हता.

एक खरे प्रकरण घेऊन हे तपासू. काळ्या जगाशी आपले नाते दलित पँथरने १९७२ साली आपल्या नावातच जाहीर केले होते, तेव्हा उदाहरण दक्षिण आफ्रिकेतले आहे म्हणून ते परके वाटू नये.

सॉलोमन लिंडा हा झुलू गवई. जोहान्सबर्गला गॅलो कंपनीत तबकड्या बांधण्याचे काम करीत असे. १९३९ साली त्याच कंपनीच्या स्टुडिओत आपल्या ‘ईव्हनिंग बर्ड्‌स’ या मंडळींसह त्याने ‘म्बुबे’ हे गाणे गायले. म्बुबे म्हणजे सिंह. गाण्याच्या शेवटी त्याने जो वरचा सूर जागच्या जागी रचला, तोच पुढे जगभर गाजला. या गाण्यापोटी त्याच्या हातावर दहा शिलिंग पडले असे सांगतात. पुढच्या दहा वर्षांत तबकडी एक लाखाच्या आसपास खपली. एक प्रत अमेरिकेत पीट सीगरच्या हाती गेली आणि पन्नाशीच्या आरंभी त्याच्या ‘द वीव्हर्स’ या चमूने ती चाल ‘विमोवे’ या नावाने गायली. मूळ झुलू शब्द नीट ऐकूही आला नव्हता. रचनाकार म्हणून छापले गेले ‘पॉल कॅम्पबेल’. असा माणूसच जगात नव्हता, ते धंद्यासाठी घेतलेले टोपणनाव होते. १९६१ साली ‘द टोकन्स’ या गोऱ्या पोरांनी इंग्रजी शब्दांसह ‘द लायन स्लीप्स टुनाइट’ म्हणून ते गायले आणि ते अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेले. १९६२ साली लिंडा दारिद्र्यात मेला. त्याच्या थडग्यावर अनेक वर्षे दगडही नव्हता. १९९४ साली डिस्नेच्या ‘द लायन किंग’मध्ये तेच गाणे वाजले.

सीगर हा कामगारांच्या बाजूचा, सज्जन गायक. त्याने लिंडाला एक हजार डॉलर पाठवले होते, पुढचेही पैसे त्याच्याकडे जावेत असे सांगितले होते. पण सांगणे आणि हिशेब यांत जे अंतर असते ते या प्रकरणात चाळीस वर्षे कोणी मोजले नाही. लिंडाची विधवा आणि मुली यांच्याकडूनही पुढे हक्क सोडल्याचे कागद करून घेण्यात आले.

आता हे गाणे १९३९ साली ब्लॉकचेनवर चढवले असते अशी कल्पना करा. काय झाले असते? मालक म्हणून गॅलो कंपनीची नोंद झाली असती. ती नोंद कोणालाही बदलता आली नसती. यंत्राने दर वेळी, एकही दिवस न चुकता, पैसा कंपनीला आणि तिच्याकडून हक्क विकत घेणाऱ्यांना पोचवला असता. लिंडाच्या मुलींना तो करार मोडायला जागाच उरली नसती.

तो करार प्रत्यक्षात कशाने मोडला, हे आपल्या तरुण मित्रांनी नीट वाचावे. २००० साली रियान मालन या दक्षिण आफ्रिकन पत्रकाराने ‘रोलिंग स्टोन’मध्ये या लुटीचा सगळा मार्ग शोधून मांडला. नंतर वकिलांनी १९११ चा ब्रिटिश साम्राज्याचा कॉपीराइट कायदा उकरून काढला. त्यात एक तरतूद होती. रचनाकाराने हयातीत हक्क विकला असला तरी त्याच्या मृत्यूनंतर पंचवीस वर्षांनी तो वारसांकडे परत येतो. म्हणजे १९८७ पासून हक्क मुलींचा होता. २००४ साली दावा लागला आणि फेब्रुवारी २००६ मध्ये तडजोड होऊन लिंडाचे नाव सहरचनाकार म्हणून मान्य झाले, कुटुंबाला मागची व पुढची रॉयल्टी मिळण्याचे ठरले. साम्राज्याच्या कायद्यातली ही एक फट! तिच्यातून एका झुलू घराला न्याय मिळाला, कारण त्या कायद्याने करारापेक्षा माणूस मोठा मानला होता. ‘जे लिहिले तेच अंतिम’ असे म्हणणाऱ्या वहीत ही फट असत नाही, आणि ती नाही यालाच तिचा गुण म्हणून मिरवले जाते.

बरे, ही वही खरोखर तरी बदलत नाही काय? २०१६ च्या जूनमध्ये इथेरियम या ब्लॉकचेनवरच्या ‘द डाओ’ नावाच्या सामाईक निधीतून कोणीतरी करारातल्या चुकीचा फायदा घेऊन सुमारे ३६ लाख इथर, म्हणजे तेव्हाचे पाच कोटी डॉलर किंवा अधिक, काढून घेतले. यंत्राच्या नियमाप्रमाणे व्यवहार बिनचूक होता. तरी जुलैमध्ये बहुसंख्यांनी वहीला फाटा फोडला आणि पैसे मूळ गुंतवणूकदारांना मिळतील अशी सोय केली. ज्यांना हे तत्त्वाला सोडून वाटले ते जुन्या वहीशी चिकटून राहिले. मी त्या निर्णयाला दोष देत नाही. परंतु गुंतवणूकदारांचे पैसे गेले तेव्हा न पुसणारी वही पाच आठवड्यांत फिरवता आली, हे लक्षात ठेवले पाहिजे. लिंडाच्या मुलींसाठी इतके संगणक एका रात्रीत एकमताने हलले असते, असे कोणाला वाटत असेल तर त्याने खुशाल वाटून घ्यावे.

संगीतातले प्रयोगही झाले. इमोजेन हीप या इंग्रज गायिकेने २०१५ साली आपले ‘टायनी ह्यूमन’ हे गाणे इथेरियमवर ठेवले. गाणे घेणाऱ्याचा पैसा वादकांपर्यंत थेट विभागून जात होता. प्रयोग प्रामाणिक होता, विक्री मात्र नगण्य झाली. त्याआधी जगभरच्या गाण्यांची एकच नोंदवही करण्याचा हक्कसंस्थांचा प्रकल्प २०१४ साली मोडला होता. तंत्र तिथे अडले नव्हते, पैसा कोण घालणार यावर संस्थांचे एकमत होईना. हीपबाईंच्या गाण्यात मालक कोण याविषयी वादच नव्हता, म्हणून यंत्र चालले. आमच्याकडे वाद तिथूनच सुरू होतो.

आमच्या गाण्याचे उदाहरण पाहा. एखादा शाहीर शब्द लिहितो. चाल कधी गोंधळाची असते, कधी भजनाची, कधी गाजलेल्या सिनेमागीताची, कारण सभेतल्या माणसाला ती आधीच पाठ असते. ढोलकीवाला तिला असे वळण देतो की मूळ चाल ओळखू येऊ नये. कोरसमधल्या बाया एक ओळ बदलतात आणि ती बदललेली ओळच गावोगाव जाते. यात टक्के कसे लावायचे? यंत्र टक्के मागते, शंभराची बेरीज मागते. उद्या या वहीला चाल ओळखणारे यंत्र जोडले की भीमगीताचा पैसा सिनेमाच्या कंपनीकडे जाईल. आणि ज्या लोकचालीवर ते सिनेमागीत उभे होते, तिच्यासमोर काय लिहिलेले असते? ‘पारंपरिक’. हा शब्द फार सोवळा आहे. मांगवाड्यातली हलगी, कोल्हाट्याची ढोलकी, गोंधळ्याचे संबळ यांची नावे पुसून त्या जागी एक गुळगुळीत शब्द ठेवला की सारे बेवारस ठरते, आणि बेवारस वस्तू उचलणाऱ्याची होते. लिंडाचे गाणेही काही काळ पारंपरिक म्हणूनच समजले गेले होते.

आमच्या शाहिरांना वहीचे महत्त्व कळत नव्हते असे कोणी समजू नये. शेवटच्या कडव्यात आपले नाव गुंफायची त्यांची रीत म्हणजे गाण्याच्या पोटात ठेवलेली मालकीची नोंदच आहे. वामनदादा कर्डकांना अक्षरओळख झाली तीच मोठेपणी. त्यानंतर त्यांनी हजारांनी गाणी लिहिली आणि शेवटी ‘वामन’ ठेवला. संगणक येण्याआधीची ही नोंद कंठाकंठांत साठवलेली होती, तिच्याही प्रती हजारो होत्या. ती पुसायला कोणी संगणक फोडला नाही. कॅसेटची बाजू पुरत नाही म्हणून शेवटचे कडवे गाळले, एवढ्यावर काम भागले. अशी गाळलेली कडवी मी स्वतः ऐकली आहेत. एका शाहिराच्या घरी मला करार म्हणून दाखवण्यात आला तो पावतीचा चिटोरा होता: ठोक रक्कम पोचली, खाली सही. किती गाणी, किती वर्षांसाठी, यातले एक अक्षर नाही.

पण तो चिटोरा आमच्या बाजूचा पुरावा आहे, आणि हे आमच्या लोकांना कोणी सांगत नाही. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम १९ प्रमाणे हक्काचे हस्तांतरण लेखी व सहीनिशीच व्हावे लागते. नुसते पैसे घेतले म्हणून शब्दांची मालकी जात नाही. १९९४ च्या दुरुस्तीने मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षांची धरली जाते. कलम १९-अ प्रमाणे अटी जाचक असतील तर रचनाकाराला करार रद्द करून मागता येतो. २०१२ च्या दुरुस्तीने गीतकार व संगीतकार यांचा रॉयल्टीतला समान वाटा करारानेही काढून घेता येत नाही असे ठरले, मात्र तिचा भर पुढच्या करारांवर आहे. गायक-वादकांचा हक्क १९९४ साली कायद्यात आला, तोवर हलगीवाला कायद्याला दिसतच नव्हता. या साऱ्या तरतुदी एकच गोष्ट करतात. दुबळ्याने सही केली तरी दार पुरते बंद करू नये, असे म्हणतात. ब्लॉकचेनवाल्यांना या उघड्या दाराचाच त्रास होतो.

या तंत्राला माझा सरसकट विरोध नाही. एटापल्ली तालुक्यातले जातीचे दाखले या पद्धतीने नोंदवल्याचे २०२२ साली जाहीर झाले. आदिवासी विद्यार्थ्याचा दाखला पुढे कोणी खोटा ठरवू नये म्हणून त्याचा उपयोग होऊ शकतो. तिथे पहिली नोंद अधिकारी चौकशी करून करतो, चूक झाली तर त्याला जाब विचारता येतो. गाण्याच्या बाजारात नोंद करणारा तो, ज्याच्याकडे ध्वनिमुद्रण आहे, इंटरनेट आहे आणि वकील आहे. जो आधी आला तो मालक.

चळवळीतून एक वेगळाच आक्षेप येतो, त्याचा विचार केला पाहिजे. भीमगीत हे समाजाचे, त्याला रॉयल्टी कसली, असे म्हणणारे जुने कार्यकर्ते आहेत. त्यांचा त्याग खरा आहे. तरीही मला विचारावेसे वाटते की, गाणे समाजाचे झाले तेव्हा कॅसेटचा पैसा समाजाकडे आला काय? तो विकणाऱ्याकडे गेला, आणि शाहिराच्या वाट्याला नारळ, शाल आणि बिदागी आली. जयंतीच्या मिरवणुकीत गाणे फुकटच वाजले पाहिजे, कोणत्याही शाहिराने ते अडवलेले नाही. वस्तीचा भोंगा आणि कंपनीचे दुकान यांतला फरक शाहिराला कळतो. यंत्राला तो सांगावा लागेल, आणि सांगणारे आपण असलो तरच ते ऐकेल.

वेळही थोडा आहे. रचनाकाराच्या मृत्यूनंतर साठ वर्षांनी हक्क संपतो. अण्णाभाऊ साठे आणि अमर शेख १९६९ साली गेले, त्यांच्या शब्दांवरचा हक्क २०२९ च्या अखेरीस संपेल. वामनदादा २००४ साली गेले, तिथे २०६४ पर्यंत मुदत आहे. तोवर गाण्यांच्या वह्या, पावत्या, जुन्या कॅसेटी गोळा झाल्या पाहिजेत. कोणते कडवे कोणाचे, हे सांगणारे साक्षीदार जिवंत आहेत तोवर त्यांचे जबाब घेतले पाहिजेत. कायदा शिकणाऱ्या आमच्या मुलामुलींनी एका जिल्ह्यातल्या शाहिरांच्या घरी जाऊन हे चिटोरे वाचून पाहावेत आणि जिथे बसेल तिथे कलम १९ व १९-अ खाली न्यायालयात जावे. सुरुवात नाशिकपासून करता येईल. वामनदादांचे देशवंडी गाव सिन्नर तालुक्यात आहे, आणि त्या भागात त्यांच्याबरोबर गायलेली म्हातारी माणसे अजून भेटतात.