अग्नी, शेत आणि समेट

तंजावरचे भोसले राजे अमरसिंह यांना १७९८ मध्ये गादी सोडावी लागली. पुढे कुंभकोणमजवळील तिरुविडैमरुदूर येथे, महालिंगस्वामींच्या सान्निध्यात, या घराण्याचा लहानसा दरबार नांदला. तेथील गायक रामदास यांच्याकडून गोपालकृष्ण भारती यांनी हिंदुस्थानी संगीताचे संस्कार घेतले, असे परंपरा सांगते. मराठी कीर्तनाने तंजावरच्या भूमीत रुजविलेल्या आख्यानपद्धतीशी भारतींच्या ‘नंदनार चरित्रम्’चे जवळचे नाते आहे. म्हणूनच ही तमिळ कृती मराठी वाचकाला परकी वाटू नये.

नंदन हा अस्पृश्य मानलेला शिवभक्त. बाराव्या शतकातील सेक्किळारच्या ‘पेरियपुराणम्’मध्ये तो चिदंबरमला अग्निप्रवेश करतो, यज्ञोपवीतधारी मुनी होऊन बाहेर येतो आणि मगच देवापुढे जातो. भारतींनी या कथेत ब्राह्मण जमीनदाराचे पात्र आणले. चाळीस वेली शेतीचे काम आधी पुरे कर, मग चिदंबरमला जा, ही त्याची अट. देवदर्शनाचा प्रश्न येथे प्रथमच श्रमाच्या प्रश्नाशी जोडला गेला; भारतींची खरी प्रतिभा या जोडणीत आहे. परंतु उत्तर मात्र चमत्काराचे. शिवकृपेने शेत एका रात्रीत पिकते, जमीनदार नंदनाच्या पायांवर लोटांगण घालतो आणि श्रोत्यांचे डोळे पाणावतात. समेट होतो; शेत मात्र ज्याचे त्याचेच राहते.

असा समेट किती टिकतो? २५ डिसेंबर १९६८ रोजी, त्या वेळच्या तंजावर जिल्ह्यातील कीळवेण्मणी गावी, मजुरीच्या वादातून ४४ दलितांना झोपडीत जाळून मारण्यात आले. या अग्नीतून कोणी मुनी होऊन बाहेर आले नाही. कुंभकोणमला वाढलेल्या इंदिरा पार्थसारथी यांनी या घटनेवर ‘कुरुदिप्पुनल’ ही कादंबरी लिहिली. तिला १९७७ चा साहित्य अकादेमी पुरस्कार लाभला. त्यांच्या ‘नंदन कथै’ या नाटकात नंदनाचे जळणे चमत्कार उरत नाही, ते कारस्थान ठरते. या पुनर्लेखनाने भारतींचा अवमान होत नाही. त्यांनी अर्ध्यावर सोडलेला प्रश्न ते पुढे नेते.

आपल्याकडेही चोखोबांची समाधी विठ्ठलमंदिराच्या महाद्वाराबाहेर राहिली. अभंग शतकानुशतके गायिले गेले, तरी दार उघडण्यास १९४७ मध्ये साने गुरुजींचे उपोषण लागले. तंजावरातही कीळवेण्मणीनंतर, १९६९ मध्ये, शेतमजुरांच्या वाजवी मजुरीचा कायदा झाला. भक्ती हृदय मऊ करते. शांतता टिकवण्यासाठी मात्र माप, मजुरी आणि कायदा लागतो.

म्हणून समेटाच्या साहित्याला एक कसोटी लावावी : शेवटी कोण बदलले? आत येण्यासाठी ज्याला स्वतःला जाळून घ्यावे लागते, त्याच्या स्वागताला शांतता म्हणता येत नाही. दार बांधणाऱ्याने दार बदलले, तरच ती शांतता.