‘नूतनीकरण’ : शब्द आणि अर्थ

आपल्या उपासनेतील काही शब्द वापराने इतके गुळगुळीत झाले आहेत, की ते उच्चारताना मन त्यांच्यावर क्षणभरही थांबत नाही. ‘नूतनीकरण’ हा त्यांपैकी एक. पास्काच्या जागरणविधीत पेटत्या मेणबत्त्या हाती घेऊन आपण स्नानसंस्काराच्या वचनांचे नूतनीकरण करतो. बारावे पोप पायस यांनी १९५१ साली या विधीची पुनर्रचना केली, तेव्हापासून ही वचने त्यात आहेत.

परंतु रत्नागिरीत हा शब्द वर्षभर कानी पडतो तो वाहनाचा वा मच्छीमार नौकेचा परवाना, विमा यांच्या संदर्भात. तेथे शुल्क भरले, शिक्का पडला, की मुदत वाढते; परवानाधारक होता तसाच राहतो. कचेरीतला हा अर्थ नकळत चर्चमध्ये आला आहे. प्रश्न विचारले जातात, ‘होय’ अशी उत्तरे येतात आणि आणखी एका वर्षाची सोय झाली, अशा समाधानात आपण घरी परततो.

मग शब्दच बदलावा काय? ‘जीर्णोद्धार’ वास्तूला शोभतो, ‘पुनरुज्जीवन’ लोपलेल्या गोष्टीला. शिवाय दोष शब्दाचा नाही. ‘नूतनी’मधला ईकार संस्कृत व्याकरणातील च्वि प्रत्ययामुळे आला आहे, जे तसे नव्हते ते तसे होणे, हा त्याचा अर्थ. म्हणजे मुदतवाढ नव्हे, पालट. रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या बाराव्या अध्यायात संत पौल मनाच्या अशाच पालटाविषयी बोलतो. ‘करण’ या पदातून मात्र कर्ता कोण ते कळत नाही. तीताला लिहिताना पौल ते स्पष्ट करतो: हे कार्य पवित्र आत्म्याचे आहे.

व्रतस्थ जीवनाविषयीच्या १९६५ च्या हुकूमनाम्यात दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने नूतनीकरणाची दोन अंगे सांगितली: मूळ उगमाकडे परतणे आणि बदलत्या काळाशी जुळवून घेणे. कोकणी माणसाला हे शाकारणीवरून सहज उमजावे. पावसाळ्यापूर्वी कौले उतरवायची, फुटकी बाजूला काढायची, कुजलेला वासा बदलायचा. घर वाडवडिलांचेच, पण येणाऱ्या पावसाला तोंड देण्याजोगे.

परवान्याची तारीख चुकली तर दंड भरून सुटका होते. शाकारणी राहिली तर पाणी थेट घरात येते. म्हणून उपवासकाळात प्रत्येक कुटुंबाने एकत्र बसून आपल्या घरातले फुटके कौल कोणते, ते शोधावे: अबोला, व्यसन, की थांबलेली सायंप्रार्थना. मग पास्काच्या रात्री उच्चारलेल्या ‘होय’ला अर्थ येईल.